आवंढा गिळणारी माणसं

सोलमधल्या एका रस्त्यावर एक मुलगी कानात इअरफोन घालून उभी आहे. कानात झटापटीचा आवाज येतो आहे. तिच्या ऑफिसातला वरिष्ठ, पंचेचाळिशीतला पार्क दोंग-हून, एका सावकाराच्या मुलाशी हातघाईवर आला आहे. तो मुलगा ओरडून सांगतो, की ज्या पोरीची तू बाजू घेतोस तिने माझ्या बापाचा जीव घेतला आहे. क्षणभर फक्त धापा ऐकू येतात. मग दोंग-हून त्याहून मोठ्याने ओरडतो, की माझ्यावर तशी वेळ आली असती तर मीही तेच केलं असतं. रस्त्यावरची मुलगी जागच्या जागी खाली बसते आणि तिचा बांध फुटतो.

'माय मिस्टर' ही मालिका 2018च्या मार्च ते मे या काळात 'टीव्हीएन' या कोरियन वाहिनीवर दाखवली गेली. हा प्रसंग तिच्या नवव्या भागातला. त्याआधीच्या आठ भागांत ली जी-आन या एकवीस वर्षांच्या मुलीचा चेहरा जवळपास कोरा आहे. डोक्यावर कर्ज, घरी अंथरुणाला खिळलेली मूकबधिर आजी, वसुलीला येणाऱ्याचा मार, ऑफिसातली तात्पुरती नोकरी. यातलं काहीही ती बोलून दाखवत नाही. रात्री थंडगार खोलीत ती एका कपात कॉफीच्या दोन पुड्या ओतते आणि पिते. त्या पुड्या ऑफिसातून उचललेल्या असतात. तिच्या भुकेबद्दल मालिका वेगळं काही सांगत नाही, त्या दोन पुड्या पुरेशा होतात.

आठ भाग तिने जे आवरून धरलं ते खरं, की नवव्या भागात जे बाहेर आलं ते खरं? दुःख न दाखवणारा माणूस खंबीर असतो, निर्विकार असतो, की स्वतःशीच खोटं वागत असतो? वरवर हा अभिनयाचा प्रश्न वाटतो. मुळात तो धर्माचा आणि नीतीचा आहे, आणि कोरियातल्या दोन विद्वानांनी याच गाठीवर साडेचारशे वर्षांपूर्वी सलग आठ वर्षं एकमेकांना पत्रं लिहिली होती.

त्या पत्रांकडे वळण्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा. कोरियन माणूस स्वभावतःच अबोल आणि संयत असतो, म्हणून तिथला अभिनयही तसा, असं समीकरण सर्रास मांडलं जातं. कोरियन टीव्ही पाहणारा कोणीही ते मान्य करणार नाही. तिथे 'माकजांग' नावाचा मालिकांचा एक अख्खा प्रकार आहे. त्यात जन्माच्या वेळी अदलाबदल झालेली मुलं असतात, सूड असतो, स्मृती गेलेल्या नायिका असतात, तोंडावर फेकलेले पाण्याचे ग्लास असतात. 2014मध्ये एका सकाळच्या मालिकेत एका बाईने जावयाच्या थोबाडीत अख्ख्या किमचीचा फटका दिला आणि ते दृश्य देशभर गाजलं. त्याच्याही मागे 'शिनपा'ची परंपरा आहे. जपानी वसाहतकाळात तिकडून आलेली ही अश्रुपाताची नाट्यशैली कोरियन रंगभूमीत आणि सिनेमात खोलवर रुजली. आज कोरियन समीक्षक एखाद्या चित्रपटाला 'शिनपा' म्हणतात तेव्हा प्रेक्षकांना डोळे पुसायला लावण्यासाठी केलेला तो खटाटोप आहे, असं त्यांना सुचवायचं असतं. लोककलेतही तेच. पान्सोरी या कथागायनाचा गायक घसा फोडून गातो, गावच्या तालछुम या मुखवट्यांच्या नाचात सरदारांची आणि भिक्षूंची उघड टिंगल होते, आणि ओझा बाईच्या 'गुत' विधीत मेलेल्यांशी रडून-ओरडून बोललं जातं.

तेव्हा संयम ही तिथली आपोआप मिळालेली वंशपरंपरा नाही, ती केलेली निवड आहे. तिला कोरियनमध्ये शब्दही आहे, 'जोल्जे'. 'जोल्जे असलेला अभिनय' हे तिथल्या परीक्षणातलं मोठं कौतुक. या शब्दातलं पहिलं अक्षर बांबूच्या पेरासाठी वापरलं जातं. बांबू वाढतो, पण पेरापेराने वाढतो. जोल्जेमध्ये वाढ थांबवणं अभिप्रेत नाही, तिला माप देणं अभिप्रेत आहे.

दुसरा सोपा खुलासा 'हान' या शब्दाचा. साचलेलं, न फेडलेलं दुःख म्हणजे हान, आणि तोच कोरियन आत्मा, असं पर्यटनाच्या पुस्तिकांपासून प्रबंधांपर्यंत लिहिलेलं सापडतं. यात एक अडचण आहे. कोरियन कलेचं सार दुःखात आहे ही मांडणी 1920च्या सुमारास ठळक केली ती यानागी मुनेयोशी या जपानी कलासमीक्षकाने. यानागीला कोरियन कारागिरीबद्दल मनापासून प्रेम होतं आणि 1919च्या कोरियन स्वातंत्र्य आंदोलनावरच्या दडपशाहीने तो व्यथितही झाला होता. पण ज्या देशाला त्याच्या सरकारने गुलाम केलं होतं त्या देशाच्या चेहऱ्यावर त्याने दुःख हेच सौंदर्य म्हणून कोरलं. पुढच्या काळातल्या कोरियन अभ्यासकांनी यावर कडक टीका केली. गुलामाच्या दुःखाला त्याचा स्वभाव म्हणणं राज्यकर्त्याला सोयीचं असतं. जी-आनच्या कोऱ्या चेहऱ्याला हान म्हणून मोकळं होणं हेही तसंच सोयीचं आहे.

आता त्या पत्रांकडे.

दक्षिण कोरियाची एक हजार वॉनची नोट हातात घेतली, तर तिच्यावर एका म्हाताऱ्या विद्वानाचं चित्र दिसतं. त्याचं नाव यी ह्वांग, आणि टोपणनाव त्वेग्ये. 1501 ते 1570 हा त्याचा काळ. राजधानीतल्या सोंगग्यूनग्वान या सर्वोच्च विद्यापीठाचं प्रमुखपद त्याने भूषवलं होतं. 1559मध्ये त्याच्यापेक्षा सव्वीस वर्षांनी लहान असलेल्या, नुकतीच राजसेवेची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या गी दे-सुंग या तरुणाने त्याच्या एका विधानावर हरकत घेतली. त्यातून 'सादान-चिल्जंग' हा कोरियन तत्त्वज्ञानातला सर्वांत मोठा वाद उभा राहिला. तो 1566पर्यंत पत्रांतून चालला.

वाद असा होता. मेन्शियस या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाने माणसात चांगुलपणाचे चार अंकुर जन्मतः असतात असं मानलं: करुणा, लाज, विनय आणि बरंवाईट ओळखण्याची जाण. लहान मूल विहिरीच्या काठावरून आत पडताना दिसलं तर कोणाच्याही काळजात चर्र होतं, हा त्याचा पुरावा. दुसरीकडे 'विधिग्रंथ' या प्राचीन चिनी ग्रंथाने सात भावना मोजल्या: आनंद, राग, शोक, भय, प्रेम, द्वेष आणि वासना. आता करुणेने काळजात चर्र होणं हीदेखील भावनाच. मग ती त्या सातांतलीच एक आहे, की तिचा उगम वेगळा आहे? त्वेग्येचं म्हणणं होतं की चार अंकुर शुद्ध तत्त्वातून उमलतात आणि सात भावना प्राणशक्तीतून उसळतात, म्हणून दोहोंत गोंधळ करू नये. गी दे-सुंगचं म्हणणं होतं की माणसाला भावनांचे दोन वेगळे झरे नाहीत. भावना सातच, आणि त्यांतल्या ज्या योग्य मापात प्रकटतात त्यांनाच आपण चांगुलपणा म्हणतो.

त्वेग्येने तरुणाचं पत्र बाजूला सारलं नाही. त्याने आपलं सूत्र बदललं. तत्त्व उमलतं तेव्हा प्राणशक्ती त्याच्यामागे जाते, आणि प्राणशक्ती उसळते तेव्हा तत्त्व तिच्यावर स्वार होतं, असं त्याने नंतर लिहिलं. घोडा आणि स्वार ही त्याची उपमा. घोड्याशिवाय स्वार कुठेही पोचत नाही, आणि स्वाराशिवाय घोडा कुठे जाईल याचा नेम नाही. काही वर्षांनी युलगोक या दुसऱ्या थोर विद्वानाने गी दे-सुंगची बाजू उचलून धरली. त्याचं चित्र पाच हजारांच्या नोटेवर आहे. भावनेचं मूळ कुठे, यावर विरुद्ध बाजू घेतलेले दोन विद्वान आजही सामान्य कोरियन माणसाच्या पाकिटात शेजारी-शेजारी असतात.

या वादात दोन्ही बाजूंनी गृहीत धरलेली एक गोष्ट अभिनयाच्या संदर्भात फार मोलाची आहे. भावना मारून टाकावी असं कोणीच म्हणत नव्हतं. कन्फ्यूशियस परंपरेतला 'मध्यम मार्ग' हा ग्रंथ आनंद, राग, शोक, हर्ष उमटण्याआधीच्या स्थितीला समतोल म्हणतो, आणि ते उमटून अचूक मापात बसले की त्याला सुसंवाद म्हणतो. 'जोल्जे'मधलं पेराचं अक्षर तिथेच, त्या मापासाठी वापरलेलं आहे. भावना उमटायलाच हवी, किती उमटावी एवढाच प्रश्न. खुद्द कन्फ्यूशियसबद्दलची आठवण बोलकी आहे. आवडता शिष्य यान ह्वे गेला तेव्हा तो इतका रडला की बाकीचे शिष्य त्याला म्हणाले, गुरुजी, तुमचा शोक हाताबाहेर जातो आहे. त्याने उलट विचारलं की या माणसासाठी नाही तर मग कोणासाठी? माप पाळायला शिकवणाऱ्या गुरूने माप मोडलं, आणि त्याच्या शिष्यांनी ते लपवून न ठेवता नोंदवून ठेवलं. कोरियातल्या जोसन राजवटीच्या काळात घराघरांत आईबापांच्या निधनानंतर मोठ्याने आक्रोश करणं हा विधीचाच भाग होता. संयमाची शिकवण देणाऱ्या समाजाने रडण्यासाठी जागा आणि वेळ नेमून दिली होती.

या वादाचं सर्वांत धाडसी नाट्यरूपांतर म्हणावी अशी मालिका 2017मध्ये आली. तिचं नाव 'स्ट्रेंजर', मूळ कोरियन नावाचा अर्थ 'गुपितांचं अरण्य'. लेखिका ली सू-यन. नायक ह्वांग शी-मोक हा सरकारी वकील. लहानपणी मेंदूवर झालेल्या शस्त्रक्रियेनंतर त्याच्या भावना जवळपास नाहीशा झाल्या आहेत. भ्रष्टाचाराने पोखरलेल्या सरकारी वकिलांच्या कार्यालयात हाच एक माणूस सत्याचा माग सोडत नाही, कारण त्याला भीती, लोभ, मित्रप्रेम यांपैकी काहीच अडवत नाही. मेन्शियसच्या दृष्टीने हे कोडंच आहे. बरंवाईट ओळखण्याची जाण हा जर भावनेचा अंकुर असेल, तर भावना गेलेल्या माणसात तो कसा उरला?

मालिका याचं उत्तर व्याख्यानातून देत नाही, माणसातून देते. शी-मोकच्या शेजारी हान यो-जिन ही पोलिस अधिकारी आहे. बे दू-नाने ती भूमिका केली आहे. यो-जिनला पीडितांच्या नातेवाइकांचं दुःख दिसतं, ती आपल्या राहत्या घरात त्यांना आसरा देते. शी-मोक खुनाचा माग काढतो, पण तो माग कोणासाठी काढायचा हे यो-जिनमुळे कळतं. शी-मोक साकारणाऱ्या चो सुंग-वूपुढचं आव्हान विलक्षण होतं. संयत अभिनयात नट आत काहीतरी धरून ठेवतो. इथे धरून ठेवायलाच काही नव्हतं, आणि तरी हा माणूस यंत्र वाटता कामा नये. त्याने मानेचा किंचित कल, उत्तराआधीचा अर्धा क्षण आणि समोरच्याकडे न हटणारी नजर एवढ्यावर सोळा भाग पेलले. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात अखेर हसू उमटतं तेव्हा प्रेक्षकाला एखादी खिडकी उघडल्यासारखं वाटतं. 2018च्या कोरियातल्या बेकसांग पुरस्कारांत टीव्हीवरचा सर्वोत्तम अभिनेता म्हणून त्याचीच निवड झाली.

शी-मोक आणि 'माय मिस्टर'मधला दोंग-हून हे दोघेही कमी बोलतात, पण दोघांतला फरक हाच या लेखाचा विषय आहे. एकाकडे भावना नाही. दुसऱ्याकडे ती एवढी आहे की तो तिच्याखाली वाकला आहे. बाहेरून दोन्ही चेहरे शांतच दिसतात.

हा फरक ओळखण्यासाठी कोरियाने बौद्ध परंपरेतूनही एक साधन घडवलं. सोलच्या राष्ट्रीय संग्रहालयात 2021च्या नोव्हेंबरमध्ये एक मंद उजेडाचं दालन उघडलं. त्याचं नाव 'चिंतनाचं दालन'. आत फक्त दोन मूर्ती आहेत. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धातली एक आणि सातव्या शतकाच्या पूर्वार्धातली दुसरी. दोन्ही सोन्याचा मुलामा दिलेल्या कांस्याच्या, दोन्ही तीन फुटांच्या आतबाहेर. उजवा पाय डाव्या गुडघ्यावर, उजव्या हाताची बोटं गालाला अलगद टेकलेली, डोळे खाली झुकलेले. ओठांवर हसू आहे, पण ते सुरू झालंय की मावळतंय हे ठरवता येत नाही. जन्म, वार्धक्य, आजार आणि मृत्यू यांचा विचार करत बसलेला हा बोधिसत्त्व. या बैठकीचा उगम भारतीय शिल्पात आहे. गांधार आणि मथुरेकडून निघालेली ही मुद्रा चीनमार्गे कोरियात पोचली आणि तिथे तिला हा चेहरा मिळाला. जगाच्या दुःखाचा विचार करणाऱ्याच्या ओठांवर हसू का, असा प्रश्न तिथे उभ्या राहिलेल्या माणसाला पडतोच.

त्याचं एक उत्तर चार ब्रह्मविहारांत आहे: मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा. यातल्या चौथ्या शब्दाचा अर्थ मराठीत बिघडलेला आहे. आज आपण उपेक्षा म्हणतो तेव्हा दुर्लक्ष, हेळसांड असा अर्थ घेतो. पाली 'उपेक्खा' नेमकी याच्या उलट. त्या शब्दाच्या पोटात जवळून, नीट पाहणं आहे. हा बिघाड बाबासाहेब आंबेडकरांनी स्पष्टपणे दुरुस्त केला. 1957मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पारमितांची ओळख करून देताना त्यांनी उपेक्खा आणि बेपर्वाई यांत फरक केला. फळ काय मिळेल याने विचलित न होता, तरीही कामात पूर्ण गुंतलेलं मन ही उपेक्खा, असा त्यांचा आशय. अलिप्त असूनही गुंतलेलं. दोंग-हूनच्या चेहऱ्याचं याहून नेमकं वर्णन सापडणं अवघड आहे.

लेखिका पार्क हे-यंगने हा प्रश्न मालिकेत उघडपणेही आणला आहे. दोंग-हूनचा बालमित्र ग्योम-दोक सगळं सोडून डोंगरातल्या मठात भिक्षू झाला. त्याने मागे सोडलेली जंग-ही वीस वर्षं गल्लीतला एक बार चालवते आहे. रोज रात्री बार बंद करून ती घरी चालल्यासारखी बाहेर पडते आणि वळसा घालून परत त्याच दारातून आत येते, कारण तिचं घर त्या बारमध्येच आहे. भिक्षूची शांती आणि जंग-हीचा हा वळसा मालिका समोरासमोर ठेवते. संसार सोडून मिळवलेली शांती जर कोणाच्या जखमेकडे पाठ फिरवून मिळवलेली असेल, तर ती उपेक्खा नव्हे. शेवटाकडे भिक्षू स्वतः चालत तिच्या दारात येतो तेव्हा त्याची साधना पुरी होते, असं मालिकेचं ठाम म्हणणं आहे.

पडद्यावर हे सगळं कशातून घडतं? भरतमुनींनी अभिनयाचे चार प्रकार सांगितले, आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. आवाज फुटणं, रंग उडणं, अंगावर काटा येणं, थिजून जाणं, डोळे भरून येणं हे सात्त्विक भाव. ते आतून यावे लागतात, हातवाऱ्याने आणता येत नाहीत. 'माय मिस्टर'चा दिग्दर्शक किम वॉन-सकने पहिले दोन प्रकार जवळपास बंद केले आणि सगळा भार शेवटच्यावर टाकला. दोंग-हूनची भूमिका करणाऱ्या ली सन-ग्यूनचा आवाज खर्जातला, खोल. कोरिया राष्ट्रीय कला विद्यापीठात शिकलेला हा नट त्या आवाजाचा वापर कमी करत करत अखेर फक्त सुस्काऱ्यापर्यंत नेतो. दिवसभर इमारतींची सुरक्षा तपासणारा हा अभियंता जी-आनला सांगतो, की इमारत म्हणजे बाहेरून दाबणारी बळं आणि आतून तग धरणारी बळं यांची झुंज आहे आणि आयुष्यही तसंच आहे. ली सन-ग्यूनच्या खांद्यांच्या उतारात ती झुंज दिसते.

याहून हुशार आहे ती चोरून ऐकण्याची योजना. पैशांसाठी दोंग-हूनला नोकरीवरून घालवायचं काम जी-आनने घेतलेलं असतं. त्यासाठी ती त्याच्या फोनमध्ये हेरगिरीचं अ‍ॅप टाकते आणि दिवसरात्र त्याचं आयुष्य ऐकते. बायको त्याच्याच कंपनीच्या मुख्याधिकाऱ्याशी गुंतली आहे हे त्याला कळतं, तेव्हाही ती ऐकत असते. चारचौघांत माणूस कसाही वागू शकतो. रात्री एकट्याने घरी जाताना त्याच्या पावलांचा आणि श्वासाचा आवाज खोटं बोलत नाही. कोणी पाहत नसताना हा माणूस भावांशी, आईशी, स्वतःशी कसा वागतो हे तिने ऐकलं, आणि तिचा त्याच्यावर विश्वास बसला. सुरुवातीच्या प्रश्नाचं एक उत्तर इथे मिळतं. आवरलेली भावना खरी होती की खोटी हे चेहऱ्यावरून कळत नाही. ज्याने लक्ष देऊन ऐकलं त्यालाच ते कळतं. त्या सोळा भागांत प्रेक्षकालाही हळूहळू तसंच ऐकायला शिकवलं जातं.

तरीही संयमाचं कौतुक इथेच थांबवलं तर ते अर्धसत्य ठरेल. कारण संयम नेहमी माणूस स्वतः निवडतो असं नाही, अनेकदा तो लादला जातो.

कोरियन भाषेत 'ह्वाब्योंग' असा शब्द आहे. शब्दशः अर्थ आगीचा आजार. वर्षानुवर्षं गिळलेला राग शरीरात पेटतो, छातीत दडपण येतं, अंगाचा दाह होतो, झोप उडते. हे दुखणं मुख्यतः मध्यमवयीन आणि वृद्ध स्त्रियांत आढळतं. 1994मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेने आपल्या निदानपुस्तिकेच्या परिशिष्टात त्याची नोंद केली. आतल्या आत कुढणं हा मराठी वाक्प्रचार या स्त्रियांना दुभाष्याशिवाय समजेल. वरिष्ठांसमोर दारूचा प्याला तोंडाला लावताना मान वळवणारा, समोरच्याचं मन ओळखून मगच तोंड उघडणारा समाज सुसंस्कृत असतो हे खरं. पण त्या उतरंडीच्या तळाशी जो उभा असतो त्याच्या गप्प राहण्याला संयम म्हणता येणार नाही. त्याला दुसरा पर्यायच दिलेला नसतो.

चांगल्या कोरियन लेखिकांना हे पक्कं माहीत आहे. नोह ही-क्यंगची 'आवर ब्लूज' ही 2022ची मालिका जेजू बेटावर घडते. तीत किम हे-जा या ज्येष्ठ अभिनेत्रीने ओक-दोंग ही अशिक्षित आई केली आहे, आणि तिच्या मुलाची भूमिका ली ब्युंग-हनने. नवरा आणि मुलगी समुद्राने नेल्यावर ती एका दुसऱ्या घरात धाकटी बायको म्हणून गेली आणि पोटच्या मुलाला म्हणाली, यापुढे मला आई म्हणू नकोस. मुलगा चाळिशी ओलांडेपर्यंत तिने त्याची कधी क्षमा मागितली नाही, आणि त्याने तिच्याशी धड संवाद ठेवला नाही. आता तिला कर्करोग आहे आणि दिवस थोडे उरले आहेत. दोघे सोबत प्रवास करतात. किम हे-जा या आईच्या चेहऱ्यावर पश्चात्तापाचं एकही ठरीव चिन्ह आणत नाही. एके सकाळी ती मुलाच्या आवडीचा, आंबवलेल्या सोयाबीनचा त्वेनजांग रस्सा करून ठेवते आणि मरून जाते. त्या थंड होत चाललेल्या देहाला मिठी मारून मुलगा हंबरडा फोडतो. इथे संयम सुंदर दिसतो आणि त्याच वेळी त्याने काय काय नासवलं तेही दिसतं. ज्या एका वाक्याने वीस वर्षांपूर्वी सगळं जुळलं असतं ते शेवटच्या सकाळीही बोललं गेलं नाही.

त्याच वर्षी पार्क हे-यंगची 'माय लिबरेशन नोट्स' आली. सोलपासून दूरच्या गावात राहणारं एक कुटुंब. बाप स्वयंपाकघराचे ओटे बनवतो, शेती करतो, जेवताना एक शब्द बोलत नाही. आई शेतात राबते, तिघा मोठ्या मुलांना वाढते. एके दिवशी ती तांदूळ शिजायला ठेवून जरा पडते ती उठतच नाही. भात करपतो. ती दमली आहे का, हे त्या घरात कोणी कधी विचारलं नव्हतं.

पण याच मालिकेत या दुखण्यावर उपायही आहे. धाकटी मुलगी मी-जंग कंपनीतल्या सक्तीच्या छंद-मंडळांना कंटाळून दोन सहकाऱ्यांसोबत 'मुक्ती मंडळ' काढते. नियम साधे. आनंदी असल्याचं सोंग करायचं नाही. दुःखी असल्याचं सोंगही करायचं नाही. स्वतःकडे प्रामाणिकपणे पाहायचं. पुढे आणखी दोन नियम जोडले जातात: कोणी कोणाला सल्ला द्यायचा नाही आणि सांत्वन करायचं नाही. हे पाच नियम त्या तिघांइतकेच नटांनाही लागू आहेत. किम जी-वनने मी-जंगचं काम याच नियमांनी केलं आहे. सुखाचं सोंग नाही आणि दुःखाचं प्रदर्शनही नाही. त्वेग्ये आणि गी दे-सुंग ज्या मापावर आठ वर्षं भांडले ते माप या नियमांच्या फार जवळचं आहे. ते दोघे मात्र माप माणसाच्या आत शोधत होते. ही मालिका ते दोन माणसांच्या मधे शोधते. शेजारी कोणीतरी न टोकता, न समजावता बसलेलं असेल, तर भावनेला स्वतःचं माप सापडतं.

म्हणून या लेखाचा निवाडा असा. आवरलेली भावना खोटी नसते, पण तिच्या खरेपणाला एक अट आहे. ती दुसऱ्यासाठी आवरलेली असावी, दुसऱ्याच्या धाकाने नव्हे. जी-आनच्या भूतकाळाबद्दल दोंग-हून तिला खोदून विचारत नाही, कारण तिची लाज राखणं त्याला महत्त्वाचं वाटतं. हा संयम नीतीचा आहे. ओक-दोंगचं मौन गरिबीने, समाजाने आणि लाजेने तिच्या तोंडात कोंबलेलं आहे. दोन्ही चेहरे पडद्यावर सारखेच शांत दिसतात, आणि त्यांतला फरक दाखवू शकतो तो नट थोर.

'माय मिस्टर'च्या शेवटच्या भागात दोंग-हूनही मोडतो. जी-आन बुसानला गेली आहे, बायको मुलाकडे परदेशी आहे. जाण्याआधी जी-आनने परवानगी मागून त्याला एकदा मिठी मारली होती. आता तो रिकाम्या घरात एकटा जेवायला बसतो आणि घास घेता घेता त्याला रडू येतं, आधी थांबवता येईल असं, मग न थांबणारं. सोळा भाग इतरांचं ओझं वाहिलेल्या या माणसाला पहिल्यांदा स्वतःसाठी रडायला सवड मिळाली आहे. 2019च्या बेकसांग पुरस्कारांत ही मालिका सर्वोत्तम ठरली आणि पार्क हे-यंगला पटकथेचा पुरस्कार मिळाला. ली सन-ग्यून 2023च्या डिसेंबरमध्ये गेला. त्यानंतर जगभरच्या प्रेक्षकांनी त्याच्या आठवणीसाठी पुन्हा पुन्हा काढून पाहिली ती हीच मालिका.

मराठी प्रेक्षकांना एकच विनंती. ही मालिका डब केलेल्या आवाजात पाहू नका. उपशीर्षकं वाचायला थोडे कष्ट पडतील, पण मूळ आवाज राहू द्या, कारण ली सन-ग्यूनचं निम्मं काम त्याच्या श्वासात आहे आणि ते दुसऱ्या कोणाच्या गळ्यातून येणार नाही. शेवटच्या भागातलं ते जेवणाचं टेबल आलं की आवाज थोडा वाढवा. तिथे त्याच्याशी बोलायला कोणी नाही. ऐकायला फक्त आपण आहोत.